फोनला जोडायचा थर्मल कॅमेरा: अर्धं यंत्र हातात, अर्धं ॲपमध्ये

कळंब, वाशी, भूमकडच्या रस्त्यांनी जाताना आता विहिरीशेजारी सौर पंपाची पॅनल सहज नजरेस पडतात. पंपाचं पाणी कमी झालं की पहिला प्रश्न येतो: दोष मोटारीत, कंट्रोलरमध्ये, की पॅनलमध्ये? पॅनल तर वरून एकदम नवंकोरं दिसतंय. मग कोणाला तरी यूट्यूबवर पाहिलेला व्हिडिओ आठवतो. फोनच्या चार्जिंग पोर्टमध्ये एक चिमुकला कॅमेरा खोचला, पॅनलकडे धरला, आणि स्क्रीनवर एकच चौकोन पिवळाधमक झाला. तोच बिघडलेला सेल!

हा फोनला जोडायचा थर्मल कॅमेरा. धाराशिव जिल्ह्यात सौर पंप, इन्व्हर्टर, मोटार रिवाइंडिंग किंवा घरातल्या वायरिंगची कामं करणाऱ्या तरुणाला तो घ्यावासा वाटणं साहजिक आहे. पण त्याची किंमत एका बऱ्या स्मार्टफोनएवढी असते. म्हणून पैसे देण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, जी खोक्यावर ठळक लिहिलेली नसते. हा कॅमेरा एकटा काहीच करू शकत नाही. त्याला स्क्रीन नाही, मेमरी नाही, बऱ्याच मॉडेलना बॅटरीसुद्धा नाही. चित्र दाखवणं, तापमान काढणं, फोटो साठवणं ही सगळी कामं फोनमधलं ॲप करतं. ॲप चालतंय तोवर कॅमेरा, ॲप बंद पडलं की तो फोनला लटकणारा एक तुकडा.

कॅमेरा नेमकं काय बघतो?

२०२० मध्ये कोरोनाच्या काळात प्रत्येक दुकानाच्या दारात कपाळावर 'बंदूक' रोखली जायची, ते आठवत असेलच. त्या बंदुकीत एकच सेन्सर असतो आणि तो एकाच जागेचं तापमान सांगतो. थर्मल कॅमेऱ्यात असेच हजारो सूक्ष्म सेन्सर जाळीसारखे मांडलेले असतात. १६० बाय १२० च्या कॅमेऱ्यात १९,२०० बिंदू, २५६ बाय १९२ च्या कॅमेऱ्यात ४९,१५२. फोनच्या साध्या कॅमेऱ्याचे कोट्यवधी पिक्सेल पाहता हा आकडा अगदी किरकोळ वाटेल, पण इथे प्रत्येक बिंदू म्हणजे एक छोटा तापमापक आहे.

प्रत्येक गरम वस्तू डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडत असते. हे कॅमेरे त्यातले साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण पकडतात. किरण पडले की सेन्सरचा बिंदू किंचित तापतो, त्याचा विद्युत रोध बदलतो, आणि तेवढा बदल मोजला जातो. साधी काच हे किरण आरपार जाऊ देत नाही. म्हणून थर्मल चित्रात चष्मा घातलेल्या माणसाचे डोळे दिसतच नाहीत, आणि बंद खिडकीतून बाहेरचं काही दिसत नाही. 'भिंतीपलीकडचं बघणारा कॅमेरा' असं कुणी विकत असेल तर सरळ पुढे चला.

आकड्याचं तापमान कोण करतं?

इथून खरी गंमत सुरू होते. सेन्सर जे देतो ते तापमान नसतंच, तो नुसता एक कच्चा आकडा असतो. त्याचं '६७ अंश' होईपर्यंत मध्ये बरंच गणित आहे, आणि ते गणित कॅमेऱ्यातलं फर्मवेअर आणि फोनमधलं ॲप मिळून करतात.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं गणित पृष्ठभागाच्या स्वभावाचं. एकाच तापमानाला असलेल्या दोन वस्तू सारखे किरण सोडत नाहीत. माणसाची त्वचा किंवा काळी इन्सुलेशन टेप जवळपास पूर्ण क्षमतेने किरण सोडते. तिची उत्सर्जकता, म्हणजे एमिसिव्हिटी, ०.९५ च्या आसपास किंवा जास्त असते. चकचकीत ॲल्युमिनियमची मात्र ०.१ पेक्षाही कमी असते. तो स्वतःचे किरण फार सोडत नाही, आजूबाजूचे परत फेकतो. त्यामुळे बोर्डातली चमकणारी पट्टी ८० अंशांवर तापलेली असली तरी ॲप ती थंड दाखवू शकतं. यावर जुना उपाय आहे: लाईन बंद असताना त्या पट्टीवर काळी टेप चिकटवायची आणि नंतर टेपचं तापमान बघायचं. तुमच्या ॲपमध्ये एमिसिव्हिटी बदलायची सोय आहे का, हे बघा. काही स्वस्त कॅमेऱ्यांच्या ॲपमध्ये ती नीट नसते. मग सेन्सर कितीही चांगला असला तरी मोजमाप ॲपच्या मर्जीवर.

रंगांचंही तेच. लाल म्हणजे गरम, निळा म्हणजे थंड हे सेन्सर ठरवत नाही. ॲप समोरच्या दृश्यातलं सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त तापमान घेतं आणि सगळे रंग तेवढ्यातच ताणून बसवतं. दृश्यात फक्त ३ अंशांचा फरक असेल तरी चित्रात वणवा लागल्यासारखं दिसतं. नवशिका इथेच फसतो, आणि ग्राहकाला घाबरवायचं असेल तर इथेच फसवताही येतं. म्हणून रंगाकडे बघण्याआधी बाजूच्या पट्टीवरचे दोन आकडे वाचायची सवय लावून घ्या. शक्य असेल तर पट्टी लॉक करा.

आपल्या उस्मानाबादी शेळीचं उदाहरण घेऊ. जिल्हा आता धाराशिव झाला तरी शेळीची जात उस्मानाबादीच राहिली आहे. कासदाह झाला की कासेचा तो भाग तापतो, आणि थर्मल कॅमेऱ्याने ते टिपता येतं. पण ही शेळी बहुतेक काळी. उन्हातून आली की तिचं सगळं अंगच चित्रात पेटलेलं दिसेल. म्हणून तिला आधी सावलीत उभी करायची, आणि एकूण आकडा न बघता डाव्या-उजव्या बाजूची तुलना करायची. दोन बाजूंत स्पष्ट फरक असेल तर पशुवैद्याला बोलवा. ताप मोजायला मात्र हा कॅमेरा वापरू नका, ना शेळीचा, ना माणसाचा. या वर्गातल्या कॅमेऱ्यांची अचूकता साधारण दोन-तीन अंश इकडे-तिकडे असते, आणि तापाचा सगळा मामला दीड-दोन अंशांत संपतो.

आता जाहिरातीतलं 'हाय रिझोल्यूशन'. बरीच ॲप १६० बाय १२० चं चित्र मोठं आणि गुळगुळीत करून देतात, किंवा साध्या कॅमेऱ्याने टिपलेल्या कडा त्यावर रेखाटतात. चित्र सुबक होतं, वस्तू ओळखता येते, त्याचा उपयोगही आहे. पण मोजलेले बिंदू तेवढेच राहतात. मधले सगळे सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले असतात.

सॉफ्टवेअरची ताकद किती, हे २०१३ साली एका वेगळ्या प्रकरणात उघड झालं. फ्लीर कंपनीचा ई-४ हा हातात धरायचा कॅमेरा ८० बाय ६० बिंदूंचा म्हणून विकला जात होता. हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी तो उघडून तपासला तेव्हा कळलं, की आतला सेन्सर महागड्या ई-८ सारखाच, ३२० बाय २४० चा आहे. फरक होता फक्त सेटिंगच्या एका फाइलमध्ये! ग्राहकाने हातात घेतलेल्या काचेने आणि धातूने काय बघायचं, हे त्या फाइलने ठरवलं होतं. तो कॅमेरा फोनचा नव्हता, पण मुद्दा तोच.

कॅमेरा ठणठणीत, तरी निकामी

फोनच्या थर्मल कॅमेऱ्यांचा छोटासा इतिहास पाहिला तरी कळतं की सेन्सर मरण्याआधी त्याच्या भोवतालचं जग बदलतं.

२०१४ मध्ये फ्लीर वन बाजारात आला, किंमत ३४९ डॉलर. तो आयफोन ५ आणि ५एस च्या मापाचं कव्हर होता, मागून फोनला बसायचा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयफोन ६ आला, आकार बदलला, आणि नवा फोन घेणाऱ्याला ते कव्हर उपयोगाचं राहिलं नाही. त्याच वर्षी सीक थर्मल कंपनीने १९९ डॉलरचा, पोर्टमध्ये खोचायचा कॅमेरा आणला. पुढे फ्लीरनेही तोच मार्ग धरला. पण पोर्ट तरी कुठे स्थिर होतं? अँड्रॉइड फोन मायक्रो यूएसबीवरून टाइप-सी वर गेले. ॲपलने २०२३ मध्ये आयफोन १५ ला टाइप-सी दिलं आणि लाइटनिंगचे कॅमेरे मागे पडले. जोडणीचं पिन मिळतं, पण प्रत्येक पिनवर प्रत्येक कॅमेरा चालेलच असं नाही.

पोर्टचं दुखणं निदान डोळ्यांना दिसतं. ॲपचं दिसत नाही. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि ३२ बिटची जुनी ॲप आयफोनवर उघडेनाशी झाली. गूगलने ऑगस्ट २०१९ पासून प्ले स्टोअरवरच्या ॲपना ६४ बिटची आवृत्ती सक्तीची केली. २०२२ चा पिक्सेल ७ तर ३२ बिटची ॲप घेतच नाही. २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये आणखी एक दार बंद झालं: अँड्रॉइड ६ च्याही आधीच्या नियमांवर बांधलेलं ॲप नव्या फोनवर इन्स्टॉल करायला गेलात तर फोन नाही म्हणतो. शिवाय २०२२ च्या अखेरीपासून प्ले स्टोअर, वेळच्या वेळी अद्ययावत न झालेली ॲप नव्या फोनवाल्यांना शोधात दाखवतच नाही. जुन्या ग्राहकाकडे ॲप असतं, नव्याला सापडत नाही, आणि दोघांनाही वाटतं की दुसरा खोटं बोलतोय.

यात कुणाची बदमाशी आहे असं नाही. हे नियम बहुतेक सुरक्षेसाठीच केलेले आहेत. पण प्रत्येक नियमामागे कंपनीला ॲप पुन्हा बांधावं लागतं, आणि पाच वर्षांपूर्वी विकून झालेल्या मॉडेलसाठी तो खर्च करायला फार कंपन्या उत्सुक नसतात.

अँड्रॉइड १० च्या वेळचा घोळ तर नमुनेदार होता. यूएसबी कॅमेरा वापरणाऱ्या ॲपला फोनच्या कॅमेऱ्याचीही परवानगी लागेल असा नियम आला. नियम ठीक, पण काही फोनवर परवानगी देऊनही बाहेरचा कॅमेरा उघडत नव्हता. रात्री अपडेट झाला, सकाळी कामावर गेलं तर कॅमेरा बंद!

सरकारी निर्णयही मध्ये येऊ शकतो. २९ जून २०२० रोजी भारताने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉकबरोबर कॅमस्कॅनरही होतं. कागद स्कॅन करायला ते रोज वापरणाऱ्यांची पंचाईत झाली, पण दुसरी ॲप होती. बाजारातले बरेचसे स्वस्त थर्मल कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत. त्यांचं ॲप उद्या कोणत्याही कारणाने गेलं तर दुसरं ॲप त्यांना ओळखेल का, हा खरा प्रश्न.

उघडा कॅमेरा, बंद कॅमेरा

याचं उत्तर कॅमेरा फोनशी कोणत्या भाषेत बोलतो यावर आहे. काही कॅमेरे फक्त स्वतःच्या ॲपशी, स्वतःच्या गुप्त भाषेत बोलतात. दुसऱ्या ॲपला त्यांचं काही कळत नाही. याउलट काही कॅमेरे यूव्हीसी नावाच्या सर्वमान्य पद्धतीने बोलतात. लॅपटॉपला लावायचा साधा वेबकॅम हीच भाषा वापरतो, म्हणून तो कोणत्याही लॅपटॉपवर लगेच चालतो.

टॉपडॉन कंपनीचा टीसी-००१ हा अशा उघड्या कॅमेऱ्यांपैकी एक. तो २५६ बाय ३८४ ची फ्रेम पाठवतो. तिच्या वरच्या अर्ध्या भागात चित्र असतं, खालच्या अर्ध्या भागात प्रत्येक बिंदूच्या तापमानाचा आकडा. त्या आकड्याला ६४ ने भागा आणि २७३.१५ वजा करा, झालं अंश सेल्सिअस. म्हणजे आकडा २०,००० असेल तर तापमान ३९.३५ अंश. इतकं सोपं गणित उघड झाल्यामुळे लेस राइट या प्रोग्रॅमरने पायथॉनमध्ये एक मोफत प्रोग्रॅम लिहिला, आणि हा कॅमेरा लिनक्सच्या लॅपटॉपवर, अगदी रास्पबेरी पायवरही चालू लागला. उद्या कंपनीचं ॲप गेलं तरी असा कॅमेरा मरत नाही. सीक थर्मलच्या काही मॉडेलसाठीही लोकांनी खटपट करून असे प्रोग्रॅम लिहिलेत. पण तिथे कच्चा डेटा साफ करण्याचं, खराब बिंदू भरण्याचं काम स्वतः करावं लागतं, आणि अचूक तापमानाची खात्री राहत नाही.

आयटीआय किंवा डिप्लोमा करणाऱ्यांनी हा भाग नक्की करून बघावा. पायथॉनच्या चार ओळींत आपल्या कॅमेऱ्याच्या पोटात काय चाललंय ते दिसतं.

'कॅमेरा जोडला, पण ॲप ओळखत नाही'

ही सगळ्यात नेहमीची तक्रार, आणि बऱ्याचदा कारण कॅमेऱ्यात नसतं. यूएसबीला बाहेरचं यंत्र जोडायच्या सोयीला ओटीजी म्हणतात. ओप्पो, रिअलमी, विवो, वनप्लस यांच्या अनेक फोनवर ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते, आणि काही फोनवर वापर नसेल तर १० मिनिटांनी ती आपोआप बंदही होते. आधी ते बघा. मग जाड कव्हर काढून बघा. पिन पूर्ण आत गेलेलं नसतं, हे साधं कारण लोकांना शेवटी सुचतं. त्यानंतर ॲपला दिलेल्या परवानग्या तपासा.

परवानग्यांचा विषय निघालाच आहे तर, कॅमेरा आणि स्टोरेज मागणं समजू शकतं. फोटोवर जागा नोंदवायची असेल तर लोकेशनही ठीक. कॉन्टॅक्ट कशाला हवेत? कंपनीच्या साइटवरून एपीके उतरवून घ्यावं लागणारं ॲप असेल तर आणखी सावध राहा, आणि भलत्याच साइटवरून ते कधीच घेऊ नका.

व्हॉट्सॲपवर पाठवलात तर तापमान गेलं

हे माहीत नसल्याने अनेकांचा पुरावा वाया जातो. चांगल्या ॲपमधून साठवलेल्या थर्मल फोटोच्या फाइलमध्ये रंगीत चित्राबरोबर प्रत्येक बिंदूचा मूळ डेटाही दडलेला असतो. नंतर संगणकावर उघडून कोणत्याही जागेवर बोट ठेवून तापमान वाचता येतं, एमिसिव्हिटी चुकली असेल तर दुरुस्त करता येते. फ्लीरच्या अशा फाइलमधला डेटा एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमनेही काढता येतो.

पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि आतला डेटा गळून जातो. पुरवठादाराच्या इंजिनिअरकडे पोहोचतं ते नुसतं रंगीत चित्र. म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा ईमेलने.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आहे. पॅनलच्या बिघाडाची तक्रार करताना मूळ फाइल हाताशी असेल तर बोलणं सोपं जातं. फोटो काढतानाच्या अटीही पाळा. सौर पॅनलच्या थर्मल तपासणीचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की ऊन प्रति चौरस मीटर किमान ६०० वॅट हवं. आपल्याकडे स्वच्छ आकाशात भर दुपारी ती अट सहज पूर्ण होते. पण पंप चालू पाहिजे. पंप बंद असेल तर पॅनलमधून प्रवाहच वाहत नाही, आणि गरम डाग दिसायला हवा तिथे काहीच दिसत नाही. डाग दिसला तर आधी पॅनल पुसा. पक्ष्याची विष्ठा किंवा बाभळीच्या फांदीची सावली पडली तरी तो सेल वीज बनवायचं सोडून इतरांची वीज खातो आणि तापतो. तिरकं उभं राहून फोटो काढा, नाहीतर काचेत तुमचंच गरम प्रतिबिंब येईल.

डीपीचं तापमान बघायचा मोह अनेकांना होतो. कुंपणाबाहेरून बघा. डीपी उघडणं महावितरणच्या लोकांचं काम आहे, कॅमेरा हातात असला म्हणून ते आपलं होत नाही.

घ्यायचाच असेल तर

दुकानात किंवा ऑनलाइन, पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा नको, ॲपचा विचारा. प्ले स्टोअरवर जाऊन त्याचा शेवटचा अपडेट कधीचा ते बघा. वर्षभरापेक्षा जुना असेल तर हात आखडता घ्या. त्याच कंपनीच्या पाच वर्षांपूर्वीच्या मॉडेलला आजही ॲप आहे का, हेही शोधा. कंपनी आपल्या जुन्या ग्राहकाशी कशी वागते, त्यावरून तुमचं भविष्य कळतं. ॲप इंटरनेट बंद असताना, खातं न उघडता चालतं का? रानात रेंज नसते, आणि लॉगिनशिवाय न उघडणारं ॲप तिथे कुचकामी ठरतं. कॅमेरा यूव्हीसी आहे का, संगणकावर चालतो का, हा तिसरा प्रश्न. ऑनलाइन घेत असाल तर परत करायच्या मुदतीत स्वतःच्याच फोनवर दोन-तीन दिवस वापरून बघा.

रोजचं पोट त्यावरच असेल तर माझं मत वेगळं आहे: स्वतःची स्क्रीन असलेला हातातला थर्मल कॅमेरा घ्या. त्याच पैशात बिंदू बहुधा कमी मिळतील, पण फोन बदलला म्हणून तो बंद पडणार नाही. अधूनमधून वापर असेल, शिकायचं असेल, तर फोनचा कॅमेरा छान आहे.

आणि फोनचाच घेतलात तर एक जुना, चालू स्थितीतला फोन त्याच्यासाठी राखून ठेवा. ॲप नीट चालतंय याची खात्री झाली की त्या फोनवर अँड्रॉइडचे आणि त्या ॲपचे आपोआप होणारे अपडेट बंद करा. त्या फोनवर बँकेचं ॲप, यूपीआय, ईमेल काही ठेवू नका, कारण अपडेट थांबवलेला फोन सुरक्षित राहत नाही. सिम काढून टाका. दोन-तीन महिने कपाटात पडून राहणार असेल तर बॅटरी अर्धी चार्ज करून ठेवा, आणि कामाला नेण्याच्या आदल्या रात्री कॅमेरा जोडून एकदा ॲप उघडून बघा.